पाचवा नट

१

गाडी तपासायला आली की मी आधी तिला हात लावत नाही. कॉफीचा मग घेऊन तिच्याभोवती दोन चकरा मारतो, मग चष्मा बदलतो, मग बॉनेट उघडतो. घाई करणाऱ्यांची फसगत होते, आणि माझ्या धंद्यात फसगत झालेली सगळ्यांच्या लक्षात राहते. गेली बत्तीस वर्षं हार्लन फोर्कमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं हेच काम चाललंय. साठ-सत्तरच्या दशकातली, अंगापेक्षा इंजिन मोठं असलेली मसल कार कोणीतरी घेऊन येतो, आणि ती अस्सल आहे की साध्या गाडीला मागाहून दागिने घातलेत, ते मी सांगतो. कोणत्या डीलरकडून गेली, कोणाच्या हातात पडली, मधे कुठे होती, सगळं. मी 'अस्सल' लिहून सही केली की वाद संपतो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी रस कोबलेंट्झ ट्रेलरवर ताडपत्री टाकून काहीतरी घेऊन आला. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा हा माणूस तोंडाने सदा दोन मैल पुढे असतो.

"व्हर्लिन, आधी बस. पडलास तर मला उचलवायचा नाहीस."

"मागच्या वेळी आणलीस तिचं इंजिन ट्रॅक्टरचं होतं, तेव्हा पण असंच म्हणाला होतास."

"मक्याच्या ट्रॅक्टरचं होतं, सोयाबीनच्या नाही. बस म्हणतो ना."

त्याने ताडपत्री ओढली. खाली हिरवट चंदेरी रंगाची रॅम्पार्ट ४२८ होती. एकूण सत्तेचाळीस बनलेल्या त्या. डिकीवर डाव्या कोपऱ्यात डीलरचा छोटा पत्रा होता : ग्रीझर मोटर्स, हार्लन फोर्क, ओहायो.

ग्रीझर मोटर्सला आयुष्यात एकच रॅम्पार्ट आली. कारखान्यातून आलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तयार करायचं काम तिथे माझं होतं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. ही गाडी माझ्या हातून गेली होती, आणि मी खरंच बसलो.

"केंटकीत मिळाली, तंबाखू वाळवायच्या कोठारात. कोरडी ठणठणीत," रस म्हणाला. "लोइसला सकाळीच कळवलंय. तू खरी म्हणालास तर ती घेणार. शनिवारी न्यायला येते."

तो गेल्यावर शेडमध्ये शांत झालं, तेव्हा मला टिकटिक ऐकू आली. गाडी लांबून चालवत आणून बंद केली की इंजिन गार होताना करतं, तशी. ही तर ट्रेलरवरून आली होती, आणि तिच्यात बॅटरीच नव्हती. पत्रा तापला असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी ऊन नव्हतं.

२

लोइस म्हणजे लोइस नॉफझिगर. गाडी तिच्या धाकट्या भावाची, ड्वेनची.

सत्तर सालच्या त्या ऑक्टोबरची मला अजून ओढ लागते. नवीन मॉडेल येणार म्हणून ग्रीझरने शोरूमच्या काचांना आतून साबण फासला होता, म्हणजे रस्त्यावरून कोणाला काही दिसू नये. अख्खं गाव तिथे नाक लावून उभं असायचं. शनिवारी काचा पुसल्या. आत फुकट डोनट आणि सफरचंदाचा रस, रेडिओवर फुटबॉलचा सामना, दारातून मक्याच्या कापणीची धूळ. लोइस बेकरीचा एप्रन घालूनच आली होती, हातावर पीठ तसंच. ती मला फार आवडायची. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावरच्या नाचाला येशील का म्हणून तिला विचारायचं मी ठरवलं होतं, आणि वाक्य तीन वेळा आरशासमोर म्हणूनही झालं होतं.

ड्वेनने या गाडीसाठी दोन वर्षं डुकरं वाढवून विकली होती, आणि त्या शनिवारीच ती त्याला मिळाली. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चनंतरचं जेवण झाल्यावर, "एक फेरी मारून येतो" म्हणून तो त्या गाडीतून गेला आणि परत आला नाही. अर्धं गाव म्हणालं, कॅनडाला पळाला. लष्करभरतीच्या सोडतीत त्याचा नंबर एकतीस निघाला होता. व्हिएतनाम ठरलेलंच होतं. उरलेलं अर्धं गाव म्हणालं, दगडखाणीच्या वळणावरून खाली गेला. त्या जुन्या खाणीत पाणी साठून किती खोल झालंय ते कोणालाच माहीत नव्हतं. शेरीफने दोन पाणबुडे उतरवले, ते थंडीने निळे होऊन वर आले, त्यांना काही दिसलं नाही.

त्यांची आई शेवटपर्यंत कॅनडावर अडून राहिली. नॉफझिगरांच्या अवजारांच्या शेडमध्ये ड्वेनची गाडी लागणार होती ती जागा चौपन्न वर्षं रिकामी आहे. आत मळणीयंत्र मावत नाही, पण तिथे साधी ढकलगाडीही कोणी ठेवत नाही.

मला मात्र तिसरी एक गोष्ट माहीत होती. ड्वेन गेल्यानंतरच्या मंगळवारी मी खाणीच्या वळणावरून चालत जात होतो, तेव्हा कडेच्या खडीत मला चाकाचा एक नट सापडला. त्यावर पिवळ्या खडूची रेघ होती. चाक आवळून झालं की नटावर पिवळी रेघ मारायची, ही ग्रीझरकडची रीत. आणि त्या शनिवारी ड्वेनच्या गाडीला त्याने हौसेने घेतलेली वेगळी चाकं मीच बसवली होती.

तो नट मी बाबांच्या तंबाखूच्या डब्यात टाकला आणि कोणाला सांगितलं नाही. नाचाला लोइसला विचारलंही नाही. पुढे जोअॅनशी लग्न केलं, चांगला संसार झाला. तिलाही सांगितलं नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली.

आता कळेल, मी का बसलो ते. गाडी अस्सल असेल, तर ती खाणीत नव्हती. ती केंटकीत कोरडी उभी होती, ड्वेन तिच्यातून कुठेतरी गेला होता, जगला होता, आणि चाक निखळलं नव्हतं. मी काही केलं नव्हतं.

३

बुधवारी कामाला लागलो. आधी गाडीचा ठोकलेला नंबर, मग एकेका भागाच्या ओतकामाची तारीख. तारीख गाडीच्या जन्माआधीची हवी, फार आधीचीही नको. मागची सीट उचलली. कारखान्यातली माणसं कामाचा कागद सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायची, फेकायला जायचा कंटाळा म्हणून. आळशी माणसांच्या कृपेने माझं पोट भरलंय. कागद होता. गुंडाळी होती तशीच, उंदरांनीही कुरतडली नव्हती.

दुपारपर्यंत सगळं जुळलं, आणि तेच मला खटकलं. मी हजारावर गाड्या तपासल्यात. कुठलीच सगळी जुळत नाही. सोमवारी सकाळी कामगारांच्या डोक्यात दारू असते, कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा बोल्ट घालतं, कोणी एक खूण विसरतं. खऱ्या गाडीत चूक असते. बिनचूक असते ती बनवलेली.

लोइस चार वाजता आली. केस पांढरे, पाय दुखरे, पण दारातून आत येण्याची पद्धत तीच, कोणाची परवानगी न घेणारी.

"म्हणजे हीच का रे ती?"

"अजून बघतोय."

"तू जन्मभर बघतच राहिलास," ती म्हणाली, आणि मी कॉफी ओतायच्या कामात फार लक्ष घातलं.

ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि आठवणी काढू लागली. ड्वेन कुठल्याही गाडीचा हॉर्न दोनदाच वाजवायचा. खिडकीवर कोपर टाकून बोटांनी दारावर ताल धरायचा. मीही सांगितलं, त्या दिवशी पुढच्या डाव्या मडगार्डच्या काठाला माझ्या पट्ट्याच्या बकलाने बोटभर ओरखडा पडला होता, आणि मी तो थुंकी लावून लपवला होता. लोइस इतकी हसली की तिला खोकला लागला.

"ग्रीझरला कळलं असतं तर तुझी कातडी सोलली असती."

ती गेल्यावर मी सहज वाकून पाहिलं. ओरखडा होता. बोटभर, काठाला, आतून जुना गंज धरलेला.

माझी सवय अशी, की हात लावण्याआधी मी गाडीचे सगळीकडून फोटो काढतो. सकाळचे फोटो उघडले. मडगार्डचे चार होते, एक अगदी जवळून. त्यात कुठे साधा चराही नव्हता.

४

माणूस चौऱ्याहत्तरचा झाला की डोळ्यांवर संशय घेणं सोपं जातं. उजेड वेगळा असेल, फोटोचा कोन वेगळा असेल. पण खोट्या गाड्या पकडता पकडता मी एक युक्ती शिकलोय. विकणारा तुमचं बोलणं ऐकून गाडी घडवत असेल, तर त्याला एक खोटी गोष्ट सांगायची.

गुरुवारी मी शेडमध्ये एकटाच उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "ड्वेनच्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या दिव्याची काच फुटली होती. त्याने तिथे लाल कापडाचा तुकडा बांधला होता." यातलं एक अक्षर खरं नव्हतं. कप्पा उघडून पाहिला, काच शाबूत होती. त्याचा फोटो काढला. शेडला कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि गावात जाऊन मीटलोफ खाल्लं. मला वेड लागलंय, हे सिद्ध झालं तर बरं, असं वाटत होतं.

दोन तासांनी आलो. टिकटिक चालू होती. कप्पा उघडला. दिव्याला लाल कापडाचा तुकडा बांधलेला होता, आणि तो नवा नव्हता. घड्यांच्या बाहेरच्या बाजूने तो विटून गुलाबी झाला होता, पन्नास वर्षांत विटतो तसा.

मी बाहेर अंगणात येऊन उलट्या बादलीवर बसलो. शेजारच्या शेतात कापणीयंत्र चाललं होतं, सगळं जग जागच्या जागी होतं. ही गाडी केंटकीहून आलेली नव्हती. ही आम्ही सांगू तशी होत होती. तेव्हाच ट्रेलर लावून ती रसकडे परत पाठवायला हवी होती. पण खरं सांगतो, मला वेगळाच विचार आला. ती आम्ही सांगू तशी होत असेल, तर चाकांचं काय?

५

चाकांबद्दल मी तिच्यासमोर एक शब्द बोललो नव्हतो. शुक्रवारी सकाळी पुढच्या डाव्या चाकाची टोपी उपसून काढली.

पाच नट होते. पाचही जागेवर, पाचांवर पिवळी रेघ.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. म्हाताऱ्या माणसाचं रडणं फार बेढब असतं, नाक आधी वाहतं. घरात जाऊन फडताळातून तंबाखूचा डबा काढला. हलवला, तर आवाज आला नाही. उघडला. तळाला नटाच्या आकाराची गंजाची गोल खूण होती, आणि बाकी डबा रिकामा होता.

तर हे झालंच नव्हतं. असं मी अर्धा तास मानलं. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका. लोइसला काय सांगायचं, कुठे जेवायला न्यायचं, इथपर्यंत मी पोचलो होतो.

मग सवयीने पुन्हा शेडमध्ये गेलो आणि नटावर बोट टेकवलं. तो फिरला. बोटाने फिरला. दुसराही, तिसराही, पाचही.

तेव्हा मला ते आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे, ते कधी गेलंच नव्हतं, मी फक्त त्यावर बसून होतो. शनिवारच्या घाईत आम्ही पोरं एक चलाखी करायचो. नट हातानेच फिरवून बसवायचे, पाचांवर आधी रेघा मारून टाकायच्या, आणि मग पाना फिरवायचा. खडू परत शोधावा लागत नाही. त्या शनिवारी रेघा मारून झाल्या, आणि लोइस दारातून आत आली, हातावर पीठ. मी उठून तिला डोनट द्यायला गेलो. परत आलो तेव्हा रेघा दिसत होत्या. ड्वेन गाडीत बसलेला, खिडकीवर कोपर. "झालं का?" त्याने विचारलं. "झालं," मी म्हणालो.

गाडी माझ्या इच्छेप्रमाणे बनत नव्हती. बोललेलं ती ऐकून बनवायची, आणि न बोललेलं मला जे ठाऊक होतं त्याप्रमाणे.

६

मी पाना आणला. बरोबर जोर बसला की टक् वाजणारा पाना आहे माझ्याकडे. पाच वेळा टक्. टोपी बसवली. दुपारी टोपी काढून पाहिलं, पाचही नट ढिले. पुन्हा आवळले. पाच वेळा टक्. संध्याकाळी पुन्हा ढिले, रेघा तशाच ताज्या.

शनिवारी लोइस न्यायला येणार होती. रसने नवी बॅटरी आणि पेट्रोल पाठवलं होतं. लोइसने फोनवर सांगितलं, शेडमधली जागा झाडून ठेवलीय, आणि गाडी ती स्वतः चालवत नेणार. "खाणीच्या रस्त्याने नेते. एकदा त्या वळणावरून जाऊन दाखवते गावाला, की तो तिथे नव्हता."

मी म्हणालो, "ट्रेलरवर टाकू ना."

"ट्रेलरवर प्रेतं नेतात, व्हर्लिन."

७

शनिवारी सकाळी दहाला मी पुन्हा त्या चाकापाशी गुडघे टेकून बसलो होतो. ऊन दारातून आत आलं होतं. दोन नट आवळून झाले होते, तिसऱ्यावर पाना लावला, आणि गाडी माझ्या बाजूला जराशी कलली, आत कोणीतरी बसल्यावर कलते तेवढी. टिकटिक थांबली. त्याऐवजी डोक्यावर, दाराच्या पत्र्यावर, बोटांचा ताल सुरू झाला.

मी वर पाहिलं नाही. बाजूच्या आरशात दिसलं तेवढं दिसलं. खिडकीवर टेकलेलं कोपर, चौकड्यांच्या शर्टाची दुमडलेली बाही. बाही ओली होती.

"झालं का?"

आवाज एकोणीस वर्षांच्या पोराचा होता. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. पण होती फक्त निघायची घाई, आणि मी हो म्हणेन याची पूर्ण खात्री.

हो म्हणालो असतो तर चालून गेलं असतं. पाच रेघा होत्या, डबा रिकामा होता, माझी सही गावात चालते. लोइसने त्याला कॅनडात ठेवलं असतं, आणि माझ्याकडे बघून हसली असती. मग किल्ली फिरवून त्या वळणाकडे निघाली असती.

"नाही," मी म्हणालो. पाना खाली ठेवला. "नाही झालं, ड्वेन. मी आवळलेच नव्हते. रेघा मारल्या आणि उठून गेलो. तू जाऊ नकोस."

बोटांचा ताल थांबला.

"कोणाशी बोलतोयस?"

लोइस दारात उभी होती. हातात गाडीच्या सीटवर घालायची गोधडी होती, घडी केलेली. तिने किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं.

मी मान खाली घातली. चाकावर चार नट होते. पाचवा माझ्या मुठीत होता, गंजलेला, जड, रेघ अर्धी पुसलेली. डब्यात होता तसाच.

८

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "मी आले म्हणून उठलास?"

"हो."

"मला डोनट द्यायला."

"हो."

"साखरेचा होता," ती म्हणाली. "मला आठवतो." मग तिने मांडीवरची गोधडी सारखी केली. "तू नाचाला का नाही विचारलंस, म्हणून मी दोन वर्षं तुझ्यावर चिडून होते. कॅनडाहून एक पत्र यावं म्हणून आई टपालपेटी रंगवायची, दर वसंतात. तुला एवढंही नाही रे वाटलं, की तिला सांगावं?"



आम्ही दोघांनी एकदमच तो आवाज ऐकला. आता टिकटिक नव्हती, थेंब होते. ड्रायव्हरच्या दाराखालून पाणी गळत होतं, आधी थेंब, मग बारीक धार. कोरड्या फरशीवरून ते गटाराकडे न जाता सरळ लोइसच्या पायांकडे गेलं. त्याला चुनखडीचा आणि जुन्या थंडीचा वास होता. लोइसने पाय मागे घेतले नाहीत. तिने गोधडी उलगडली, उठली, आणि उघड्या खिडकीतून हात घालून ती ड्रायव्हरच्या सीटवर पांघरली, नीट, दोन्ही कडा खाली खोचून. आत तिने काय पाहिलं, ते मी विचारलं नाही.

"शेरीफच्या ऑफिसला फोन कर," ती म्हणाली. "आता पाणबुड्यांकडे चांगली यंत्रं असतात. वळणाच्या खाली कुठे बघायचं ते सांग त्यांना. आणि तुझा तो कागद पूर्ण कर. मला हवाय."

टेबलापाशी गेलो. तपासणीच्या कागदावर शेवटचे तीन रकाने असतात. डीलर : ग्रीझर मोटर्स, हार्लन फोर्क. डीलरकडे गाडी तयार करणारा : तिथे मी माझं नाव लिहिलं. दोष असल्यास : पुढचं डावं चाक, नट आवळलेले नाहीत, एक कमी. मग खाली, जिथे एकच शब्द लिहायचा असतो, तिथे हात थांबला. मागे वळून पाहिलं. चार नट, एक उघडा बोल्ट, आणि फरशीभर पाणी. या गाडीत पहिल्यांदाच एक चूक होती.

मी 'अस्सल' लिहिलं आणि सही केली.